सूचनावही आणि संकेतस्थळ

आमच्या तालुक्याच्या गावातील माध्यमिक विद्यालयात, मी तेथे विद्यार्थी होतो त्या काळापासून आजतागायत, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही काखोटीला मारून शिपाईमामा वर्गावर्गांतून हिंडत आले आहेत. मामा बदलले, वह्या बदलल्या, त्या वह्यांची बांधणी करणारे आमच्या छापखान्यातील कारागीरही बदलले. परंतु मामा दारात उभे राहिले की शिकवणारे गुरुजी वाक्य अर्ध्यावर सोडतात, मुख्याध्यापकांच्या सहीची सूचना खड्या आवाजात वाचतात आणि समासात आपली आद्याक्षरे घालून वही परत करतात, हा शिरस्ता तसूभरही ढळलेला नाही. या सूचनावहीचे मर्म मला ती बाकावर बसून ऐकताना उमगले नाही, आणि पुढे तीस वर्षे तिची छपाई करतानाही उमगले नाही. ते उमगले वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याच शाळेचे संकेतस्थळ करून देण्याचा विडा उचलून त्यात एकवार सपशेल तोंडघशी पडल्यानंतर.

माझा मूळ व्यवसाय मुद्रकाचा. वडिलांच्या हयातीत आमच्याकडे खिळे जुळवून छपाई होत असे. नव्वदीच्या दशकात घरात संगणक आला, श्री-लिपी आली, आणि केसमधून खिळा उचलणारी बोटे कळफलकावर अक्षरे उचलू लागली. पुढे लग्नपत्रिकांचे काम भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले तेव्हा पोटापाण्यासाठी मी संकेतस्थळे करावयास शिकलो. दोन पतसंस्था, एक मंगल कार्यालय आणि एक रोपवाटिका एवढ्या शिदोरीवर मी या विषयातील जाणकार म्हणून गावात ओळखला जाऊ लागलो, आणि २०१८ च्या जून महिन्यात विद्यालयाच्या संस्थेचे कार्यवाह आमच्या छापखान्यात येऊन म्हणाले, "अण्णा, शाळेची वेबसाइट आहे, पण ती आपली नाही. काहीतरी करा."

त्या वाक्याचा अर्थ मला प्रथम कळला नाही. शाळेस पूर्वी शहरातील एका व्यावसायिकाने संकेतस्थळ करून दिले होते. त्यावर उजवीकडून डावीकडे धावणारी एक तांबडी ओळ होती आणि ती चार वर्षांपूर्वीच्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू असल्याची द्वाही अजून फिरवीत होती. ती ओळ काढावयाची तर त्या गृहस्थास दूरध्वनी करावा लागे, आणि तो दूरध्वनी गेली दोन वर्षे कोणी उचलत नव्हते. मी नोंदणीचे कागद मागितले, तेव्हा अधिक गंभीर प्रकार उघड झाला: संकेतस्थळाचे नावच मुळी शाळेच्या नव्हे, तर त्या गृहस्थाच्या नावे नोंदलेले होते. पैसे शाळेने भरले, पाटी शाळेची, आणि सातबारा मात्र दुसऱ्याचा! ते नाव आम्हांस सोडून द्यावे लागले. नवे घेतले ते मी आग्रहाने संस्थेच्या नावे, शाळेच्या कार्यालयाचा कायम विपत्ता देऊन नोंदविले. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची मुदत घेता येते. आम्ही पाच घेतली, कारण एवढीच रक्कम 'किरकोळ' या शीर्षाखाली बसत होती.

एवढे शहाणपण दाखविल्यावर मी पुढचा मूर्खपणा निश्चिंत मनाने केला. वर्डप्रेस नावाची जी मुक्त प्रणाली २००३ पासून जगभर वापरात आहे आणि जिचे मराठी रूपांतरही उपलब्ध आहे, तिच्या आधारे मी एक देखणे संकेतस्थळ उभारले. त्यास चौदा दालने होती: संस्थेचा इतिहास, ध्येय व उद्दिष्टे, अध्यक्षांचे मनोगत, मुख्याध्यापकांचे मनोगत, विज्ञान मंडळ, हरित सेना, आणि देव जाणे काय काय. मनोगतांची दालने पहिल्याच आठवड्यात भरली, कारण ती मीच जुन्या स्मरणिकेतून उतरविली. उरलेली शिक्षकांनी भरावयाची होती. त्यासाठी प्रत्येक शिक्षकास स्वतंत्र परवलीचा शब्द दिला, एका शनिवारी प्रशिक्षण घेतले, आणि कोणती कळ कोठे दाबावी हे चित्रांसह समजावणारी चोवीस पानांची एक पुस्तिका माझ्याच छापखान्यात छापून सर्वांना वाटली. त्या पुस्तिकेचा मला कोण अभिमान वाटे! २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसची पाचवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर लिहिण्याचा पडदाच आमूलाग्र बदलला, आणि आमच्या पुस्तिकेतील एकही चित्र समोरच्या पडद्याशी जुळेनासे झाले. जुना पडदा परत आणण्याची सोय होती व ती मी केलीही. परंतु मधल्या आठवड्यात ज्या शिक्षिकांनी धीर करून प्रथमच संगणक उघडला होता, त्यांनी तो "आमच्याकडून काहीतरी बिघडले" अशा समजुतीने जो मिटला तो पुन्हा उघडला नाही.

दुसरी अडचण अधिकारांची. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदाता अशा पायऱ्या असतात. शिक्षकांनी लिहावे व मुख्याध्यापकांनी पाहून प्रसिद्ध करावे या सद्हेतूने मी सर्वांना योगदात्याची पायरी दिली होती. पण त्या पायरीवरील मनुष्यास मजकूर लिहिता येतो, छायाचित्र मात्र चढविता येत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. शाळेतील लेखन म्हणजे चार ओळी आणि चौदा छायाचित्रे, हे ज्यास ठाऊक नाही त्याने शाळेच्या वाटेस जाऊ नये. बरे, मंजुरीची व्यवस्था तरी चालावी. तर मुख्याध्यापक सर आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या, जिल्ह्याच्या वा केंद्राच्या बैठकीस. फेब्रुवारीत मी पाहिले तेव्हा एकोणीस लेख मंजुरीच्या प्रतीक्षेत तुंबले होते, आणि त्यांतील एक दिवाळीच्या किल्ले-स्पर्धेचा होता.

मार्चच्या एका दुपारी मी खजील होऊन शाळेच्या कार्यालयात बसलो होतो. आमच्या भागात शाळेच्या वरिष्ठ लिपिकास भाऊसाहेब म्हणण्याची रीत आहे. हे भाऊसाहेब तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर दफ्तराशी एवढे एकजीव झालेले होते की जनरल रजिस्टरातील पन्नास वर्षांपूर्वीचे नाव काढावयाचे तर ते अनुक्रमणिका पाहत नसत, कपाट पाहत असत. माझे सगळे गाऱ्हाणे त्यांनी दाखल्यावर शिक्का मारता मारता ऐकले, आणि मान वर न करता विचारले, "अण्णा, तुमच्या त्या साइटवर जावक क्रमांक कुठे टाकायचा?"

मी म्हणालो की तेथे जावक क्रमांकाची गरज नसते.

"मग सूचना खरी की खोटी, हे पालकाने कशावरून ओळखायचे?" ते म्हणाले. "आणि दुसरे असे, की परवा माझ्या हातून एक सूचना चुकली, मी बटण दाबले, आणि ती नाहीशीच झाली. दफ्तरात कागद नाहीसा होत नसतो. चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, बाजूला शेरा लिहायचा, सही करायची. उद्या कोणी विचारले, की आदल्या दिवशी तुम्ही काय लिहिले होते, तर मी काय दाखवू?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. एवढ्यात मामा सूचनावही घेऊन आले, भाऊसाहेबांनी ती उघडून माझ्यापुढे सरकविली, आणि आपल्याच छापखान्यात शेकडो वेळा बांधलेली ती वही मी त्या दिवशी प्रथमच वाचली. तारीख, अनुक्रमांक, सूचना कोणासाठी, मजकूर, मुख्याध्यापकांची सही, आणि खाली वाचणाऱ्यांच्या सह्या. एका पानावर एकच सूचना, जिला समजण्यासाठी चोवीस पानांची पुस्तिका लागत नाही. शिक्षकांना सोपे असे काही बांधावयाचे म्हणून मी नऊ महिने धडपडत होतो, आणि सोपे ते काय असते याचा नमुना त्याच इमारतीत रोज तिसऱ्या तासाला माझ्या डोळ्यांसमोरून फिरत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सर्व मोडून नव्याने मांडले. चौदा दालनांची तीन केली: सूचना, उपक्रम आणि कार्यालय. सूचना लिहावयाचा पडदा हुबेहूब वहीच्या पानासारखा केला; त्यात जावक क्रमांक, तारीख, कोणासाठी, विषय, मजकूर आणि जोडपत्र यांखेरीज एकही रकाना ठेवला नाही, आणि अक्षरांचा रंग, आकार वा ठळकपणा बदलण्याची कळ तर मुळातूनच काढून टाकली. नाहीशी करण्याची मुखत्यारी कोणासही दिली नाही; तिच्या जागी 'रद्द' ही कळ आली, जी दाबली असता मजकुरावर आडवी रेघ उमटे, शेऱ्याचा रकाना उघडे आणि जुनी सूचना रेघेसकट पालकांना दिसत राही. मंजुरीचा प्रश्न तर इतक्या साधेपणाने सुटला की मलाच लाज वाटली. मुख्याध्यापकांची सही सूचनावहीत आधीच झालेली असते. मग यंत्रात ती पुन्हा कशाला? सही झालेलीच सूचना भाऊसाहेबांनी चढवावी, मंजुरी वहीत व प्रसिद्धी यंत्रात, असा दंडक ठरला. उपक्रमांची वार्ता शिक्षकांनी परस्पर प्रसिद्ध करावी, छायाचित्रे जास्तीत जास्त चार, आणि भ्रमणध्वनीने टिपलेले चार-पाच मेगाबाइटचे छायाचित्र आपोआप आटून दोनशे किलोबाइटच्या आत यावे, एवढीच त्यावर मर्यादा. चार छायाचित्रांच्या या नियमावरून चित्रकलेच्या सरांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला होता.

अक्षरांविषयी येथे थोडे अधिक लिहिण्याची अनुज्ञा वाचकांनी मज मुद्रकास द्यावी. भाऊसाहेबांनी पूर्वी टंकलिखित करून ठेवलेल्या सूचना जेव्हा संकेतस्थळावर चिकटविल्या, तेव्हा पडद्यावर मराठीऐवजी परदेशी स्वरचिन्हांची व नाण्यांच्या खुणांची एक विलक्षण खिचडी अवतरली. कारण उघड होते: त्या जुन्या टंकांत 'क' हे अक्षर क म्हणून साठविलेले नसते, रोमन अक्षराच्या जागी क चे केवळ चित्र बसविलेले असते, आणि तो टंक ज्या यंत्रात नाही तेथे चित्र गळून आतला रोमन सांगाडा दिसू लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीस स्वतःचे घर आहे, म्हणून यापुढे युनिकोडच वापरावयाचे हे मी ठरविले. परंतु भाऊसाहेबांची बोटे टंकलेखन यंत्रावर घडलेली. मिनिटास चाळीस शब्दांची शासकीय परीक्षा ते तरुणपणी उत्तीर्ण झालेले, आणि नवीन कळफलकावर त्यांना 'विद्यार्थ्यांनी' हा एक शब्द काढण्यास घोटभर चहा संपेल एवढा वेळ लागे. त्यांना नवा कळफलक शिकविण्यापेक्षा जुन्या टंकलेखन यंत्राच्याच मांडणीने युनिकोड उमटविणारी सोय त्यांच्या संगणकावर बसवून दिली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मला माझ्या सबंध देखण्या संकेतस्थळाने मिळवून दिले नव्हते. शिक्षक बहुधा भ्रमणध्वनीत बोलून लिहीत. त्यात गमती होत. शालेय पोषण आहाराच्या एका सूचनेत 'आचाऱ्यांनी भाज्या धुऊन घ्याव्यात' याचे 'आचार्यांनी भाज्या धुऊन घ्याव्यात' असे झाले, आणि संस्कृतच्या गुरुजींनी ती सूचना छापून शिक्षक-खोलीत लाविली. दुसऱ्या एका बाईंनी पालकसभेच्या वृत्तास शोभेचे चित्र म्हणून महाजालावर 'पालक' शोधून जे मिळाले ते लाविले. हिरवीगार जुडी होती. ती मी मुद्दाम दोन तास तशीच राहू दिली.

मात्र एका गोष्टीत मी तडजोड केली नाही. मराठीचा ल आणि श हिंदी वळणाहून निराळे आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात शासनाने निर्णय काढून ही मराठी वळणे अधिकृतपणे राखली. ज्या टंकात दोन्ही वळणे असतात तो पानाची भाषा विचारून त्याप्रमाणे अक्षर दाखवितो, आणि पानाने आपली भाषा मराठी आहे असे सांगितलेच नाही, तर हिंदीचे वळण पुढे करतो. संकेतस्थळाची भाषा मराठी ठरविण्याची एक निवड मी केली, आणि दुसऱ्या क्षणी 'शाळा' या शब्दातील श ने आपले वळण बदलले. हा बदल शाळेत कोणाच्याही लक्षात आला नाही. माझ्या दिवंगत वडिलांच्या लक्षात आला असता.

आता एक चूक, जी आमचीच होती. जुलैत एका शिष्यवृत्तीची लाभार्थी यादी आली. फलकावर लावावयाची म्हणून ती आली होती, ती कोणीतरी तत्परतेने संकेतस्थळावरही चढविली. मी ती उघडली आणि माझे हातपाय गार पडले. मुलांची नावे, जात, बँकेचे खाते क्रमांक आणि बारा अंकी आधार क्रमांक, सर्व काही रकान्यांत व्यवस्थित मांडलेले. ती पाऊण तास तेथे होती. प्रशासकाची किल्ली माझ्याकडे होती, ती वापरून मी यादी समूळ काढली. भाऊसाहेबांचा 'कागद नाहीसा होत नसतो' हा दंडक आम्ही मोडला तो तेवढा एकदा, आणि त्याची नोंद त्यांनी तारखेसह वहीत केली. गावातील भिंतीवरचा कागद येणारे-जाणारे वाचतात आणि पावसात तो गळून पडतो. महाजालावरचा कागद कोणीही उतरवून घेतो आणि तो गळतही नाही, हा फरक त्या दिवसापर्यंत आम्हां कोणाच्याच मनात पुरेसा उतरला नव्हता. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात आवश्यक ठरली. आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जात छायाचित्राच्या संमतीचा रकाना मात्र २०१९ च्या ऑगस्टातच आला होता, तो मीच छापला.

माहिती अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ खालील सतरा बाबी आम्ही 'कार्यालय' या दालनात मांडल्या, शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक घातला. त्या वाचावयास अद्याप कोणी आल्याचे ऐकिवात नाही, पण तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल समाधानाचा शेरा दिला.

त्याच ऑगस्टात कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तो पूर. आमच्या गावाचा खालचा भाग तीन दिवस पाण्यात होता, वीज नव्हती, शाळेचे जनरल रजिस्टर व दाखल्यांच्या पेट्या मामांनी आणि मोठ्या मुलांनी रात्रीतून वरच्या मजल्यावर नेल्या, आणि भ्रमणध्वनींवर नाना प्रकारचे निरोप फिरू लागले. 'उद्यापासून शाळा सुरू', 'शाळेची भिंत कोसळली', 'दाखले वाहून गेले'. मी स्वतः मुलीकडे पुण्यास अडकलो होतो, आणि तेथून संकेतस्थळावर काहीतरी लिहावे या विचाराने दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडले, तर सूचना आधीच लागलेली. शाळा पुढील आदेशापर्यंत बंद. दोन्ही मजल्यांच्या भिंती सुरक्षित. सर्व दाखले सुरक्षित. वरच्या चार खोल्यांत पूरग्रस्तांची राहण्याची सोय. जेवणाची भांडी असल्यास आणावीत. भाऊसाहेबांनी ती भावाच्या घरच्या गच्चीवरून, वाहनाच्या बॅटरीवर भारित केलेल्या भ्रमणध्वनीतून लिहिली होती. जावक क्रमांकाच्या रकान्यात लिहिले होते: 'नोंदवही वरच्या मजल्यावर असल्याने क्रमांक मागाहून नियमित करण्यात येईल.' तो त्यांनी अकरा दिवसांनी नियमित केला, मुख्याध्यापकांची कार्योत्तर सही घेऊन.

मला विचारण्यासाठी त्यांनी दूरध्वनी केला नव्हता. पुढे २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबला व मग रद्द झाला, तेव्हाही त्या अवधीतील सूचना एकामागून एक लागत गेल्या आणि मला दूरध्वनी आला तो एकदाच, संचारबंदीत छापखाना उघडा आहे का हे विचारण्यासाठी.

भाऊसाहेब २०२२ च्या मे अखेरीस निवृत्त झाले. त्यांनी नव्या लिपिक बाईंना कार्यभार दिला त्याची यादी मी पाहिली आहे, कारण ती छापली आमच्याकडेच. अनुक्रमांक सतरा, शाळेचा गोल शिक्का, रबरी, एक. अनुक्रमांक अठरा, संकेतस्थळ, परवलीचे शब्द मोहोरबंद लिफाफ्यात, नावाच्या नोंदणीची मुदत जून २०२३ पर्यंत. अनुक्रमांक एकोणीस, लोखंडी कपाटाच्या किल्ल्या, तीन. समोर दोघांच्या सह्या. नव्या बाई चौकस होत्या. जुलैत केव्हातरी त्यांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली 'निर्मिती' अशी ओळ, आमच्या छापखान्याचे नाव आणि माझा क्रमांक पाहिला, तो कोणत्या आदेशान्वये तेथे आहे याचा कागद दफ्तरात शोधला, आणि मुख्याध्यापकांच्या सहीने ती ओळ रद्द केली. मी पाहिले तेव्हा माझ्या नावावर एक सरळ आडवी रेघ होती, आणि बाजूस शेरा: 'आधार उपलब्ध नाही.'